दाराआडची माणसे

१९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथामालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तीतील अवकाशयानाची दारे माणूस जवळ येताच आपोआप उघडत. प्रेक्षकांना ती भावी काळाची किमया वाटे. वस्तुतः दाराआड उभे असलेले कामगार ती ओढून उघडीत.

त्या मालिकेत शोभावे असे एक दृश्य पुढे बंगळूरजवळील होसकोटे येथे प्रत्यक्षात उतरले. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, २ मीटर व्यासाच्या आरशाची ‘हिमालयीन चंद्र दुर्बीण’ आहे. २००० साली तिने पहिला तारकाप्रकाश टिपला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे ज्योतिर्विद होसकोट्यात बसून आज्ञा देऊ लागले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्गे ती पाव सेकंदात हानलेस पोहोचे आणि दुर्बीण वळे.

परंतु येथेही दाराआड माणसे आहेतच. आरसा निर्मळ राखणे, प्रकाशग्राहक द्रव नायट्रोजनने थंड ठेवणे, ही कामे दूरच्या आज्ञेने होत नाहीत. विरळ हवेत व हाडे गोठविणाऱ्या थंडीत हानलेचे कर्मचारी ती पार पाडतात. मालिकेतील कामगार प्रेक्षकांना कधी दिसले नाहीत; ज्योतिर्विद्येच्या इतिहासाने तरी हानलेच्या या माणसांची नोंद ठेवावयास हवी.