प्लगच्या विहिरीत तेल येतं कुठून?

आजचा भाग गाडीवाल्यांच्या कामाचा आहे, पण विषय इतिहासाचा आहे. तेव्हा गाडी नसेल तरी थांबा.

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की एखाद्या दिवशी मिसिंग करायला लागते. चढावर झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागतो. मेकॅनिक कॉइल उपसून काढतो, तर तिचं टोक तेलात भिजलेलं. मग दोनपैकी एक वाक्य कानावर येतं. "इंजिनचं काम निघालं, साहेब", नाहीतर "चारही प्लग आणि कॉइल बदलून टाकू". पहिलं ऐकून माणूस गाडी मिळेल त्या किमतीला विकायला निघतो. दुसरं ऐकून खर्च करतो आणि काही महिन्यांनी पुन्हा तिथेच येतो. बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते. का नसते, ते समजायला शंभरेक वर्षं मागे जाऊ या.

ठिणगीने इंजिन पेटवायची कल्पना जुनी आहे. एतिएन लेन्वारने १८६० मध्ये गॅसवर चालणारं इंजिन केलं, त्यात विजेची ठिणगी होती. पण रोजच्या वापरात भरवशाची म्हणावी अशी व्यवस्था आली १९०२ मध्ये. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. त्या काळात प्लग आणि तेल यांची गाठच पडत नव्हती. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी घ्या. तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये होते. वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. त्या झाकणात वरून प्लग बसवलेला. प्लगच्या डोक्यावर मोकळी हवा, आणि तेल पार खाली.

आपल्याकडच्या अॅम्बॅसेडरमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, म्हणजे तेलही वर आलं. पण प्लग हेडच्या बाजूला, टॅपेट कव्हरच्या बाहेर राहिला. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्टसुद्धा वर होता, तरी प्लग बाजूलाच. या गाड्यांचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं की तेल इंजिनच्या अंगावरून ओघळायचं, वास यायचा, पार्किंगमध्ये डाग पडायचा. प्लगभोवती तेलाचं तळं साचायला तिथे खड्डाच नव्हता.

मग प्लग बाजूला सुखात होता, तर मधे आणला कशाला? याचं उत्तर आगीच्या प्रवासात आहे. ठिणगी पडली की सगळं पेट्रोल एका क्षणात पेटत नाही, ज्वाला पसरत जाते. प्लग कडेला असेल तर तिला सिलिंडर पार करून जावं लागतं. तोवर पलीकडचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकू शकतं. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. प्लग मधोमध असला तर हे अंतर जवळजवळ निम्मं होतं.

रेसिंगवाल्यांनी हे आधी ओळखलं. १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री दिएपला झाली. तिथे प्यूजोची ७.६ लिटरची गाडी जवळजवळ दुप्पट मोठ्या, १४ लिटरच्या फियाटसमोर उतरली, आणि जॉर्ज ब्वालोने ती शर्यत जिंकली. त्या प्यूजोमध्ये डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. चार व्हॉल्व्ह मांडले की मधे जागा उरते, आणि ती प्लगचीच.

पण वर कॅमशाफ्ट फिरणार म्हणजे तिथे तेल येणार. त्या तेलातून प्लगपर्यंत वाट कशी काढायची? जॅग्वारने १९४८ च्या एक्सके इंजिनात दोन कॅमशाफ्टना दोन वेगळी कव्हरं दिली आणि मधल्या मोकळ्या घळीत प्लग ठेवले. क्रायसलरने १९५१ च्या हेमी इंजिनात दुसरी वाट धरली. कव्हर अख्खं ठेवलं आणि त्यातून आरपार पोलादी नळ्या खाली नेल्या. नळीच्या तळाशी प्लग, चहूबाजूंनी तेलाची खोली.

१९७३ च्या तेलसंकटाने आणि अमेरिकेतल्या धुराच्या नियमांनी कमी पेट्रोलमध्ये स्वच्छ जळणं ही सगळ्यांचीच गरज झाली. ८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी चार व्हॉल्व्हची इंजिनं साध्या फॅमिली गाड्यांत आणली. एकच कव्हर आणि त्यात प्लगच्या विहिरी, ही रचना रुळली. पुढे कॉइलसुद्धा थेट विहिरीत उतरली. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम एका छोट्या डिपेंडन्सीवर उभी राहिली. ती म्हणजे रबराची रिंग.

या रिंगचाही इतिहास आहे. नैसर्गिक रबर तेलात फुगतं. तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालं. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सेनला १९३९ मध्ये ओ-रिंगचं पेटंट मिळालं, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. रिंग काम करते ती तिच्या लवचिकपणामुळे. दाबली की उलट रेटते, आणि त्या रेट्याने फट बंद राहते. वर्षानुवर्षं इंजिनची उष्णता खाऊन ती कडक होते, दबलेल्या आकारातच राहते. रेटा संपला की तेल विहिरीत झिरपतं.

आता दुरुस्ती. प्लग काढल्यावर आधी बघा, तेल कुठे आहे. वरच्या बाजूला, चिनी मातीच्या भागावर असेल तर सील गेलंय. ठिणगीच्या टोकाला ओलं तेल असेल आणि निळा धूर येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्या. मोठं काम असेल तर ते हे दुसरं.

सील गेलं असेल तर इंजिन थंड होऊ द्या. प्लग खोलण्याआधी विहिरीतलं तेल टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरींची सीलं एकत्रच बदला. काही इंजिनांत सील कव्हरमध्येच बसवलेलं येतं, तिथे पूर्ण कव्हर घ्यावं लागतं. काहींत नळीच्या खालच्या टोकालाही ओ-रिंग असते. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. जास्त जोर लावला तर पॅकिंग चेपतं, प्लास्टिकचं कव्हर तडकतं. कॉइलचं रबर फुगलं असेल तर तेही बदला. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. तो चोंदला की आतली वाफ अडते, दाब वाढतो आणि नवं सीलही गळू लागतं.

"मिसिंग आहे, पण चालतेय ना" म्हणून ढकलू मात्र नका. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो जळाला तर त्याच्या किमतीपुढे पॅकिंग म्हणजे चिल्लर.

तेव्हा तेल दिसलं म्हणून गाडी विकायला काढायची घाई करू नका. कमी पेट्रोलमध्ये जास्त जोर हवा म्हणून आपण प्लग तेलाच्या मधोमध नेला, आणि त्याची किंमत म्हणजे दर काही वर्षांनी एक रबराची रिंग. पुढच्या वेळी मेकॅनिकला एवढंच विचारा: "दादा, तेल प्लगच्या वर आहे की खाली?"

भेटू पुढच्या भागात!