मुलांनीं केलेली फजिती आणि इतिहास



मिरजेंत मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत उरुसाच्या वेळीं गाण्याच्या बैठकी होतात. खांसाहेब अब्दुल करीमखां १९३७ सालीं निवर्तले; त्यांची कबर याच आवारांत आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ थोर थोर गवई येथें हजेरी लावून जातात. अशाच एका बैठकींत विलंबित ख्याल रंगांत आला होता. तंबोऱ्यांवांचून दुसरा आवाज नव्हता. गवयानें डोळे मिटून, कपाळाला आंठ्या घालून वरचा षड्ज लावला, आणि तेवढ्यांत आजोबांच्या मांडीवरच्या चार वर्षांच्या मुलानें खणखणीत आवाजांत विचारलें, "आजोबा, ह्यांचं पोट दुखतंय का?" आजोबांनीं मुलाच्या तोंडावर हात ठेवला, शेजारच्या मंडळींनीं उपरण्यांत तोंड लपविलें, सुदैवानें गवई जाणता होता, तोहि हंसला.

अशी फजिती झाली नाहीं असें घर सांपडणार नाहीं. लग्नाच्या पंगतींत व्याह्यांच्या टकलाकडे बोट दाखविणारें मूल, सावकार दारांत उभा असतां "बाबा घरीं नाहींत असं सांग, असं बाबांनींच सांगितलंय" म्हणून निरोप पोंचविणारें मूल, पाहुणीनें आणलेला लाडू तिच्याच देखत तिच्या हातांत परत ठेवणारें मूल, हीं सर्वांच्या ओळखीचीं आहेत. त्यांच्यावर विनोदी लेखकांचा हक्क आहे असें आपण समजतों, आणि इतिहासकार सहसा तिकडे वळत नाहीं. परंतु मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रारंभीं जे दोन प्रसंग आपणां सर्वांना शाळेपासून ठाऊक असतात, ते दोन्ही याच जातीचे आहेत. भरल्या सभेंत लहान मुलानें कांहींतरी केलें, आणि वडीलधाऱ्यांची पंचाईत झाली! त्या दोन प्रसंगांचा आज थोडा हिशेब घ्यावा असें मनांत आहे.

पहिला प्रसंग शिमग्याचा. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे निजामशाहींतील बडे सरदार. त्यांच्या वाड्यांत सणानिमित्त मंडळी जमली होती. वेरूळचे मालोजी भोसले आपल्या पांच वर्षांच्या मुलाला, शहाजीला, बरोबर घेऊन आले. जाधवरावांनीं कौतुकानें त्या मुलाला आपल्या चिमुकल्या जिजाऊशेजारीं बसविलें. मुलेंच तीं; पुढ्यांतला रंग त्यांनीं एकमेकांच्या अंगावर उडविला. सभेंत हंशा पिकला. लखुजी खुशींत होते. त्यांनीं मुलीला, हा नवरा तुला पसंत आहे का, असें थट्टेनें विचारलें, आणि जोडा नामी शोभतो असें मंडळींकडे पाहून म्हटलें. तोंच मालोजी उठून उभे राहिले आणि सर्वांना साक्ष ठेवून बोलले कीं, जाधवराव आजपासून आमचे व्याही झाले! हंसणें जागच्या जागीं थांबलें. जाधवराव अवाक् झाले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मालोजींना जेवावयास बोलाविलें, तर व्याही म्हणून बोलावीत असाल तरच येतों, असें उत्तर आलें. जाधवरावांच्या पत्नीचा संताप तर विचारूंच नये. आपली मुलगी अशा घरीं द्यावयाची ही कल्पनाच तिला सोसेना. पुढें मालोजींचें दैव उघडलें, त्यांना धन लाभलें, निजामशहाकडून मनसब व जहागीर मिळाली, आणि मग तें लग्न थाटानें झालें.

ही हकीकत ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत दिलेली आहे. हा कॅप्टन १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. त्याचा ग्रंथ १८२६ सालीं लंडनमध्यें छापून निघाला. ज्या बखरी त्यानें वाचल्या, त्यांत साताऱ्याच्याच मल्हार रामराव चिटणिसांची बखर होती, आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. म्हणजे घडलेली गोष्ट आणि लिहिलेली गोष्ट यांमध्यें दोनशें वर्षांचें अंतर आहे, हें आपण ध्यानांत ठेवलें पाहिजे.

ग्रँट डफ या प्रसंगाचें साल १५९९ देतो, आणि मुलीचें वय तीन-चार वर्षांचें सांगतो. जिजाबाईंच्या जन्माचें जें साल पुढें रूढ झालें तें १५९८. तें धरलें तर एक वर्षाच्या मुलीनें मूठ भरून रंग फेंकला असें मानावें लागेल! याहून मोठी अडचण कवींद्र परमानंदाची आहे. शिवाजीमहाराजांच्या आश्रयानें त्यानें रचिलेलें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य तंजावरास सांपडलें, आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत शिमगा नाहीं, रंग नाहीं, थट्टाहि नाहीं. मालोजी इंदापूरच्या लढाईंत पडले, मागें राहिलेल्या लहान मुलांना चुलते विठोजी यांनीं वाढविलें, आणि शहाजीचे गुण पाहून जाधवरावांनीं आपली कन्या त्याला दिली, असा त्याचा क्रम आहे. घरच्या माणसांत वावरलेल्या कवीचा हा पुरावा मानला, तर सभेंत उठून उभे राहणारे मालोजी लग्नाच्या वेळीं हयातच नव्हते.

तेव्हां ही कथा खोटी म्हणून टाकून द्यावी काय? घडलेली गोष्ट म्हणून तिचा आधार डळमळीत आहे, असें माझें मत आहे. परंतु ती कोणी रचली आणि ती शतकानुशतकें लोकांना गोड कां वाटली, हा प्रश्न उरतोच. भोसल्यांचें घराणें छत्रपतींचें झाल्यावर, जाधवरावांसारख्या मानी सरदारानें त्या काळच्या एका शिलेदाराला मुलगी दिली कशी, याचें उत्तर हवें होतें. मागणी घातली म्हणावें तर हलकेपणा येतो. जबरी केली म्हणावें तर तीहि शोभत नाहीं. मुलांच्या खेळानें तें कोडें सुटतें. रंग उडविला तो मुलांनीं, त्यांना कोण दोष देणार? आणि नीट पाहिलें तर त्या सभेंत फजिती मुलांमुळें झालीच नाहीं. ती लखुजींच्या थट्टेमुळें झाली. मोठ्या माणसांच्या सभेंत थट्टा ही थट्टाच समजावयाची असते, हा अलिखित नियम मालोजींनीं मोडला. बोललेला शब्द जसाच्या तसा खरा धरला. हें काम एरवीं मुलेंच करतात. त्या दिवशीं सभेंतलें खरें मूल पांच वर्षांचा शहाजी नव्हता, मालोजी होते.

आणखी एक गोष्ट जातां जातां सांगतों. तीन-चार वर्षांच्या मुलीला भरल्या सभेंत नवऱ्याची पसंती विचारावी, यांत त्या मंडळींना कांहींच अवघड वाटलें नाहीं. अवघड वाटलें तें कुळाच्या उंचीबद्दल. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची मर्यादा घातली, आणि पुढें ती वाढत गेली. आज तीच थट्टा कोणी केली, तर मान खालीं घालण्याची पाळी थट्टा करणाराची. लाज तीच असते, पण तिचें ठिकाण बदलतें.

दुसरा प्रसंग विजापूरच्या दरबारचा, आणि तो मिरजकरांना कांहींसा शेजारचा वाटावा. कारण मिरज हें आदिलशाहीचें महत्त्वाचें ठाणें होतें. शहाजीराजे बाळ शिवाजीला दरबारांत घेऊन गेले, आणि मुलानें बादशहाला मुजरा केला नाहीं. पित्याच्या जिवाची काय अवस्था झाली असेल! मुलगा नवखा आहे, दरबारची रीत त्याला ठाऊक नाहीं, अशी सारवासारव करण्यांत आली. लहान मूल पाहुण्यांना नमस्कार करीत नाहीं, तेव्हां "जरा लाजतो" असें आपण म्हणतों, त्याच मासल्याची ही सबब आहे. फरक इतकाच कीं, येथें पाहुण्याच्या हातांत शहाजीराजांची दौलत होती.

हा दरबारहि उत्तरकालीन बखरींतलाच. राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस बसून लिहिणाऱ्या सभासदानें तो सांगितलेला नाहीं, आणि महाराजांच्या हयातीच्या इतक्या जवळचा लेखक अशी गोष्ट गाळील, हें मला संभवनीय वाटत नाहीं. उत्तरकाळच्या लेखकांना १६६० सालीं काय झालें तें माहीत होतें. अफझलखानाच्या वधानंतर त्या वर्षाच्या आरंभीं महाराजांनीं मिरजेच्या किल्ल्याला वेढा घातला होता. विजापूरच्या राज्याचा लचका तोडणारा हात सर्वांनीं पाहिला होता. त्या हातानें बालपणीं मुजरा केला असेल, ही कल्पनाच मागाहून अशक्य वाटूं लागली. म्हणून मुलाच्या संकोचाचा, किंवा हट्टाचा, बाणा झाला. घरोघर हेंच चालतें. मुलगा पुढें वकील झाला, तर लहानपणीं तो पाहुण्यांशीं कसा हुज्जत घाली याच्या गोष्टी निघतात. तो कारकून झाला, तर त्याच गोष्टी कोणाला आठवत नाहींत.

मग मुलांचें बोलणें जसेंच्या तसें टिपून ठेवलेलें कोठेंच नाहीं काय? आहे, आणि तें नेमकें याच काळांतलें आहे. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याला १६०१ सालीं मुलगा झाला. तोच पुढें तेरावा लुई. त्याचा वैद्य झां एरोआर यानें मुलाच्या जन्मदिवसापासून रोजनिशी ठेवली, आणि १६२८ सालीं स्वतः मरेपर्यंत ती चालविली. राजपुत्र काय जेवला, केव्हां झोंपला, कोणाला काय बोलला, हें सारें तींत आहे. मुलाचे बोबडे उच्चारसुद्धां वैद्यानें उच्चारले तसे लिहून घेतले. बोबडेपणाचा असा दप्तरी कागद जगांत दुसरा क्वचितच असेल! या राजपुत्रानें दरबारी स्त्रीपुरुषांसमोर जें केलें आणि जें म्हटलें, तें या नभोवाणीवरून मला सांगतां येणार नाहीं. परंतु दरबार खो खो हंसत होता, राजाराणीहि हंसत होतीं, आणि वैद्य शांतपणें वेळ घालून लिहीत होता. मूल सातव्या वर्षाच्या सुमारास आलें, तेव्हां मात्र त्याला एकाएकीं मर्यादा शिकविण्यांत आली. १८६८ सालीं ही रोजनिशी छापतांना संपादकांनीं तिला पुष्कळ कात्री लावली. ती पूर्ण छापली गेली १९८९ सालीं. सतराव्या शतकाच्या दरबाराला जें ऐकून हंसूं आलें, तें एकोणिसाव्या शतकाला छापावेना. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकारानें १९६० सालीं बालपणाचा इतिहास लिहिला, त्यांत या रोजनिशीचा पुष्कळ उपयोग केला आहे.

सभेंत सत्य बोलून टाकणाऱ्या मुलाचें नांव काढलें कीं, राजाच्या नव्या कपड्यांची गोष्ट कोणालाहि आठवते. डेन्मार्कच्या अँडरसननें ती १८३७ सालीं प्रसिद्ध केली. तिचें मूळ स्पेनमधील चौदाव्या शतकांतल्या एका कथासंग्रहांत आहे, आणि गंमत अशी कीं, त्या मूळ गोष्टींत मूल नाहींच! राजा उघडा आहे हें तेथें घोड्यांची निगा राखणारा एक हबशी नोकर सांगतो. ज्याला गमावण्यासारखें कांहीं नाहीं असा माणूस. अँडरसननेंहि मूल घातलें तें छपाईच्या अगदीं शेवटीं, मुद्रितें तपासतांना. निर्भय सत्यवक्त्याची जागा चाकराकडून मुलाकडे गेली, ती अशी अलीकडे. आमच्या बखरकारांना असलें मूल माहीत नव्हतें. त्यांचें मूल बोलून सत्य सांगत नाहीं. तें रंग उडवितें किंवा ताठ उभें राहतें, आणि अर्थ मोठीं माणसें लावतात.

मिरजेंत बसून हा विषय बोलतांना वासुदेव वामनशास्त्री खरे यांचें स्मरण न होणें शक्यच नाहीं. शास्त्रीबोवा येथल्या हायस्कुलांत शिक्षक होते. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतले कागद वाचून त्यांनीं १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापण्यास प्रारंभ केला, आणि १९२४ सालीं वारले तोंवर तें काम सोडलें नाहीं. शाळेंत दिवसभर मुलांचा गलबला ऐकावा, आणि घरीं येऊन मोडी पत्रें लावावीं, असें त्यांचें आयुष्य. बखर आणि पत्र यांतला भेद महाराष्ट्राला ज्यांनीं शिकविला, त्यांत त्यांची गणना होते. पत्र त्या दिवशींचें असतें. त्याला पुढें काय व्हावयाचें आहे तें ठाऊक नसतें. बखरीला सर्व ठाऊक असतें, आणि तोच तिचा दोष. मुलांच्या बाबतींत तर आपण सारेच बखरकार आहों. पत्र लिहावयास कोणी बसत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं लहान मूल आहे, त्यांनीं एरोआरची थोडी नक्कल करावी, अशी माझी विनंती आहे. मूल जें बोललें तें त्याच रात्रीं, त्याच्याच उच्चारांत, तिथिवारासह वहींत लिहावें. शहाणपणाचें तेवढेंच लिहूं नये. मीं हें केलें नाहीं. आरंभीं सांगितलेली बैठकींतली गोष्ट आमच्याच घरची. तो प्रश्न माझ्या नातवाचा, आणि मांडी माझी. तो उरूस कोणत्या सालचा, हें आतां घरांत तीन माणसें तीन प्रकारें सांगतात. माझ्या आठवणींत गवई हंसला, एवढेंच आहे. पण आमच्या घरांत अलीकडे असें सांगण्यांत येतें कीं, त्यानें गाणें थांबवून मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि याचा कान तयार आहे असा आशीर्वाद दिला. नातू हल्लीं पेटी शिकतो.