घोंगडी आणि हवेची गादी

इ. स. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने बोईसरजवळील तारापूरचा कोट सर केला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. त्या काळी साध्या शिपायाचे अंथरूण-पांघरूण म्हणजे बहुधा धनगरी घोंगडीच. लोकरीच्या तंतूंत कोंडलेली निश्चल हवा भूमीचा गारवा अंगास भिडू देत नसे. इ. स. १९७० नंतर अमेरिकेतील सिएटल येथे फोम भरलेली, आपोआप फुगणारी गादी निघाली, तत्त्व तेच. म्हणून आसावा गडावर मुक्कामास जाणाऱ्याने गादीची केवळ जाडी पाहू नये. पोकळ गादीतील हवा खेळती राहून ऊब हरपते आणि एका काट्याने गादीच निकामी होते. पोकळ गादी स्वस्त म्हणून घ्यावयाचीच, तर तिच्याखाली घोंगडी अवश्य अंथरावी. काटाही अडेल, गारवाही.