तांब्याच्या सळईची प्रत कशी ठरली?

रायपूरजवळच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांची ओळख पोलादाची आहे. तथापि तेथील विद्युत भट्टीचे वेटोळे आणि यंत्रे फिरवणाऱ्या मोटारींची गुंडाळी तांब्याची असते. हे तांबे कोणत्या प्रतीचे असावे, हा प्रश्न मात्र तांब्याच्या इतिहासात फार उशिरा उपस्थित झाला.

रायपूरच्या वायव्येकडील बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया येथे १८७० मध्ये चारशेहून अधिक प्राचीन ताम्रवस्तू सापडल्या. त्या घडवणाऱ्या कारागिरांना तांबे हातोड्याखाली तडकले नाही, एवढे पुरेसे होते. तारायंत्राने ही कसोटी अपुरी ठरवली. दिसायला सारख्याच असलेल्या तांब्याच्या तारांची विद्युतवाहकता अतिशय भिन्न असते, हे विल्यम थॉमसन यांनी १८५७ मध्ये दाखवले. पुढे १९१३ मध्ये वाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण निश्चित झाले आणि प्रतीला मोजमाप लाभले.

परंतु प्रत म्हणजे केवळ शुद्धता नव्हे. वीजतारांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘ईटीपी’ तांब्यात किमान ९९.९० टक्के तांबे असते आणि थोडा ऑक्सिजन हेतुपुरस्सर राखलेला असतो. तो इतर अशुद्धींशी संयोग पावून त्यांचा उपद्रव कमी करतो. तोच ऑक्सिजन अन्यत्र घातक ठरतो. हायड्रोजनयुक्त ज्योतीत असे तांबे तापवल्यास आत पाण्याची वाफ निर्माण होते आणि धातू तडकतो. म्हणून नळ्यांच्या जोडकामासाठी ०.०१५ ते ०.०४० टक्के फॉस्फरसयुक्त तांबे वापरतात. त्याची वाहकता मात्र घटते. जोडकाम व वाहकता दोन्ही साधायचे असतील, तर ऑक्सिजनमुक्त तांबे लागते. यंत्रावर कातून सुटे भाग करायचे असल्यास किंचित टेल्युरियम मिसळतात.

गुंगेरियाच्याच बालाघाट जिल्ह्यात हिंदुस्तान कॉपरची मलांजखंड खाण १९८२ मध्ये सुरू झाली. तेथील धातुकात तांब्याचे प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते. ते समृद्ध करणे, वितळवणे आणि विद्युत विच्छेदनाने शुद्ध करणे, एवढे सारे झाल्यावरच सळईची पाळी येते. त्याच कंपनीने १९८९ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे वार्षिक ६०,००० टन क्षमतेचा अखंड ओतीव सळईचा कारखाना उभारला.

एवढ्या सायासाने मिळवलेला धातू चुकीच्या कामी लावला, तर शुद्धीकरणाचे सारे श्रम एका जोडापाशी वाया जातात. विद्यार्थ्यांनी म्हणूनच ‘तांबे किती शुद्ध?’ या प्रश्नासोबत ‘त्यात काय उरले आहे, आणि कशासाठी?’ हेही विचारावे.