दुपारी ३.५०: मिठी, भरती आणि धावपट्टी

२६ जुलै २००५, सकाळी ८.३०
सांताक्रूझच्या वेधशाळेत पर्जन्यमापक रिकामा होतो. हवामान खात्याचा दिवस इथून मोजायचा. आषाढातला नेहमीचा पाऊस समजून मुंबई डबे भरून कामाला निघाली आहे. शाळा भरल्या आहेत.

सकाळी ११.३०
पावसाने अजून जोर धरलेला नाही. विहार तलावाच्या सांडव्यापासून निघालेली मिठी पवईचं पाणी पोटात घेऊन माहीमच्या खाडीकडे चालली आहे. जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी मरोळ ओलांडून मुंबईच्या विमानतळाशी पोहोचते आणि तिथे अडखळते. पात्र वळवलेलं, काठाला भिंती, काटकोनातली वळणं. विमानतळ वाढला तसा धावपट्टीचा आणि टॅक्सीवेचा भाग थेट नदीवर आला. खाली उरली ती मोरी.

दुपारी २.३०
ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळू लागतो. मुंबईची पर्जन्यजलवाहिनी यंत्रणा ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली, तीही ओहोटी असेल तर. आज दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे एका हेक्टर काँक्रीटवर तासाभरात १९ लाख लिटर पाणी. शेत असतं तर त्यातलं थोडं मातीने प्यायलं असतं, दलदल असती तर तिने थोडं साचवून धरलं असतं. धावपट्टी ते सगळं बाजूच्या नाल्यात लोटते.

दुपारी ३.३०
धावपट्टीखालच्या मोरीतून ठराविक विसर्गच जाऊ शकतो. वरून त्याहून जास्त पाणी आलं की ते मागे सरतं आणि चढतं. जलअभियंते याला फुगवटा म्हणतात. फुगवट्याची पहिली वर्दी काठच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत मिळते. दारातून पाणी येण्याआधी घरातली मोरी उलटी वाहू लागते. जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येतं, पाटाखाली पसरतं, गॅसच्या शेगडीपर्यंत जातं. बाई आधी पोरं पोटमाळ्यावर चढवते, मग रेशनकार्डाची पिशवी.

दुपारी ३.५०
समुद्राला भरती. उंची ४.४८ मीटर. नदीला जिथे रिकामं व्हायचं, तिथेच समुद्र आत शिरतो आहे. माहीमच्या खाडीतली खारफुटीची जागा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने आधीच आक्रसली आहे. कुर्ला, कलिना, बैलबाजार, क्रांतीनगर या वस्त्या दोन पाण्यांच्या मध्ये सापडतात.

संध्याकाळी ७
लोकल जागच्या जागी उभ्या आहेत. माणसं रुळांवरून, छातीएवढ्या पाण्यातून एकमेकांचे हात धरून चालली आहेत. विमानतळ बंद आहे. धावपट्ट्यांवर पाणी आहे आणि विमान उतरवणारी उपकरणं पाण्याखाली गेली आहेत. पुराची जागा घेणाऱ्यालाही पूर सोडत नाही.

रात्री १०
भरती ओसरली, पाऊस मात्र थांबत नाही.

२७ जुलै, सकाळी ८.३०
चोवीस तासांची नोंद: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर. त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७४.

२८ जुलै, सकाळ
तीस तासांहून अधिक काळ बंद राहिलेला विमानतळ उघडतो. सातशेहून जास्त उड्डाणं रद्द झाली किंवा लांबली. शहरात मृतांची संख्या शेकड्यांत आहे. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली जाते. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन होतं.

एकट्या धावपट्टीने हा पूर आणला नाही. एवढा पाऊस मोकळ्या नदीलाही झेपला नसता. पण पाणी किती चढेल आणि कुणाच्या घरात चढेल, हे मोरीच्या रुंदीने, भरावाच्या उंचीने आणि भिंतीच्या जागेने ठरलं. हे निर्णय पाऊस येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, कोरड्या टेबलावर झाले होते.

म्हणून धावपट्टी वाढवताना पूरक्षेत्राची तपासणी दुपारी ३.५०चं घड्याळ समोर ठेवूनच व्हायला हवी. सरासरी पावसाळ्याचं गणित इथे उपयोगाचं नाही. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी धरायची. भरावाआधीची आणि भरावानंतरची पाणीपातळी वरच्या आणि खालच्या अंगाला मोजायची. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची. नदी वळवली की दोन्ही रेषा नव्याने आखायच्या. मोरीत कचरा आणि गाळ अडकेल, हेही गृहीत धरायचं. हिरावलेली साठवणजागा दुसरीकडे मोजून परत द्यायची.

नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदी वळवली आहे. गाढी नदीही शेजारीच आहे. त्या वळणावर अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली तर शेजारच्या पारगावात, डुंगीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढेल, हा आकडा साध्या मराठीत त्या गावांच्या फळ्यावर लिहिलेला असायला हवा. पोरं कधी पोटमाळ्यावर चढवायची, हे तिथल्या आईला मोरी उलटण्याआधी कळलं पाहिजे.