पन्नास यार्डांचा इतिहास: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील काळे अस्वल आणि त्याचे प्रेक्षक

१/
अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात, केड्स कोव्ह नावाचे एक खोरे आहे. त्या खोऱ्याला वळसा घालणारा ११ मैलांचा एकेरी रस्ता आहे. कुरणाच्या कडेला काळे अस्वल दिसले की मोटारींची रांग थबकते, काचा खाली होतात, कॅमेरे बाहेर येतात. उद्यानाचा नियम मात्र स्पष्ट आहे: अस्वलापासून किमान ५० यार्ड दूर. हा धागा त्या ५० यार्डांच्या इतिहासाचा.

२/
५० यार्ड म्हणजे सुमारे ४६ मीटर. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या टोकाला टोक लावून मांडल्या, तरी आणखी सहा यार्ड उरतात. आज हा नियम साध्या शहाणपणाचा वाटतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी याच देशाच्या राष्ट्रीय उद्यानांत सरकारी कर्मचारी अस्वलांपुढे हॉटेलांचे खरकटे ओतत होते आणि तो देखावा पाहण्यासाठी पर्यटकांना बाके मांडून देत होते. हे शहाणपण यायला बराच काळ लागला आणि त्याची किंमत बहुतांशी अस्वलांनी मोजली.

३/
आरंभ यलोस्टोनपासून. १८७२ साली हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पुढच्या वीस वर्षांत तेथे मोठी हॉटेले उभी राहिली आणि हॉटेलांमागे खरकट्याचे ढीग साचू लागले. अस्वलाचे नाक विलक्षण तीक्ष्ण. हिवाळ्याच्या दीर्घ निद्रेसाठी अंगावर चरबी साठवणे ही त्याच्या वर्षाची मुख्य विवंचना. मुळे, किडे आणि बोरे वेचत दिवसभर हिंडण्यापेक्षा उकिरड्यावरचा एक तास त्याला अधिक फलदायी ठरला. यात त्याचा लबाडपणा नव्हता, हिशेब होता.

४/
पाहुण्यांच्या हे लवकरच ध्यानात आले. संध्याकाळी जेवण उरकून हॉटेलामागे अस्वले पाहायला जाणे हा सहलीचा ठरलेला भाग झाला. १८९७ साली निसर्गलेखक अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यलोस्टोनला आले. अस्वले जवळून पाहता यावीत म्हणून ते फाउंटन हॉटेलच्या कचऱ्याच्या ढिगातच दडून बसले. त्या निरीक्षणांतून त्यांची ‘जॉनी बेअर’ ही कथा जन्मली. अमेरिकन वाचकाला अस्वलाची जी माया लागली, तिचा एक उगम असा उकिरड्यावर आहे.

५/
१९०२ हे साल या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी यलोस्टोनच्या अधीक्षकांनी पर्यटकांना अस्वलांना खाऊ घालण्यास मनाई केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिसिसिपीमध्ये शिकारीला गेलेल्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी झाडाला बांधलेल्या जखमी काळ्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांच्या व्यंगचित्राने तो प्रसंग देशभर पोहोचला आणि त्यातूनच ‘टेडी बेअर’ हे खेळणे आले. प्रत्यक्षातील अस्वलाची मात्र वेदनांतून सुटका म्हणून हत्याच करण्यात आली. मनाईचा हुकूम कागदावर राहिला. खेळणे घरोघरी गेले.

६/
१९१५ साली यलोस्टोनमध्ये मोटारींना प्रवेश मिळाला आणि खेळाचे स्वरूप पालटले. आता अस्वलाला उकिरड्यापर्यंत जाण्याचीही गरज उरली नाही. काळी अस्वले रस्त्याच्या मधोमध उभी राहत, मोटार थांबे, खिडकीतून पाव आणि गोड पदार्थ बाहेर येत. अशा अस्वलांना पर्यटक कौतुकाने ‘वाटमारे’ म्हणत. पाव संपल्यावरही हात पुढेच राहिला, तर अस्वल त्या हाताचा चावा घेई. हाताला पावाचाच वास असे. दोहोंत भेद करण्याचे त्याला कारण नव्हते.

७/
१९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. १९१९ ते १९२९ या काळात यलोस्टोनचे अधीक्षक असलेले होरेस अल्ब्राइट पुढे या सेवेचे संचालक झाले. त्यांची भूमिका समजून घेण्याजोगी आहे. उद्याने नवी होती, निधी अपुरा होता, आणि लोक आले नाहीत तर संसद पैसा देणार नव्हती. लोकांना अस्वले पाहायची होती. तेव्हा अस्वले हमखास दिसली पाहिजेत, हा प्रशासनाचा निष्कर्ष होता.

८/
त्यातून ‘अस्वलांचे खेळ’ उभे राहिले. यलोस्टोनमध्ये ऑटर क्रीक येथे लाकडी बाकांच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. ठरलेल्या वेळी खरकटे आणून टाकले जाई, अस्वले येत, वनरक्षक व्याख्यान देई आणि बंदूकधारी पहारा असे. कॅलिफोर्नियातील योसेमिटीमध्ये रात्री दिव्यांच्या झोतात हाच प्रयोग चाले. याच सेवेने याच काळात यलोस्टोनमधील लांडगे मारून संपवले. तेथील अखेरचे लांडगे १९२६ साली मारले गेले. लांडगा करमणूक करीत नव्हता, अस्वल करीत होते. दोघांच्या नशिबातील फरकाचे हे एक मोठे कारण.

९/
विरोधाचा सूर त्या काळीही होता. जॉर्ज मेलेंडेझ राइट या तरुण निसर्गअभ्यासकाने १९२९ पासून उद्यानांतील वन्यजीवांची पाहणी सुरू केली, तीही आरंभी स्वतःच्या पैशांतून. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलेला विचार तेव्हा नवा होता: वन्य प्राण्याने आपल्या बळावर जगावे, उद्यानाने त्याचा तमाशा करू नये. १९३६ साली मोटार अपघातात राइटचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघ्या तिशीत होता. त्याच्यामागे हा विचार अनेक वर्षे फायलींतच पडून राहिला.

१०/
अस्वलांचे खेळ थांबले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पर्यटक घटले, मनुष्यबळ घटले आणि बाके रिकामी झाली. रस्त्यावरची भिक्षा मात्र युद्धानंतर पुन्हा जोमाने सुरू झाली. १९४८ साली यलोस्टोनला एका वर्षात दहा लाख पर्यटक आले. १९५८ साली दूरचित्रवाणीवर ‘योगी बेअर’ अवतरला. पर्यटकांच्या शिदोऱ्या पळवणारे ते अस्वल साऱ्या देशाचे लाडके झाले. खऱ्या उद्यानात शिदोरी पळवणाऱ्या अस्वलाचे काय होते, हे त्या मालिकेत दाखवणे शक्य नव्हते.

११/
खरे काय होत होते, ते नोंदींत आहे. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये अस्वलांमुळे दरवर्षी सरासरी ४८ माणसे जखमी होत होती. मालमत्तेच्या नुकसानीचे प्रकार वर्षाला शंभराहून अधिक होते. प्रत्येक घटनेनंतर प्रशासनापुढे दोनच उपाय असत: अस्वल पकडून दूर सोडणे किंवा त्याला मारणे. दूर सोडलेले अस्वल बहुधा परत येई. योसेमिटीमध्ये १९६० ते १९७२ या काळात दोनशेहून अधिक काळी अस्वले मारली गेली. पाव देणाऱ्याच्या हाताला पट्टी बांधली जाई. पाव खाणाऱ्याला गोळी घातली जाई.

१२/
निर्णायक धक्का दुसऱ्या जातीच्या अस्वलाकडून बसला. १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझली अस्वलांनी दोन तरुणींचा बळी घेतला. दोघींचे वय १९ वर्षे. ज्या भागांत हे घडले, तेथील अस्वले माणसाच्या अन्नाला आणि खरकट्याला सरावलेली होती. एका रात्रीत दोन मृत्यू हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखा नव्हता.

१३/
१९७० च्या सुमारास धोरण मुळातून बदलले. यलोस्टोनमधील उघडे उकिरडे बंद झाले, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या आल्या आणि खाऊ घालण्यावरील मनाई प्रत्यक्षात अमलात येऊ लागली. हा बदल वेदनारहित नव्हता. उकिरडे एकदम बंद करावेत की टप्प्याटप्प्याने, यावर ग्रिझलींचे अभ्यासक फ्रँक व जॉन क्रेगहेड हे बंधू आणि उद्यान प्रशासन यांच्यात तीव्र वाद झाला. पुढील काही वर्षांत भुकेली ग्रिझली अस्वले मोठ्या संख्येने मारली गेली. १९७५ साली अलास्का वगळता अमेरिकेतील ग्रिझलीची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली.

१४/
परिणाम मात्र निर्विवाद होता. यलोस्टोनमध्ये १९६० च्या दशकात वर्षाला सुमारे ४५ माणसे जखमी होत होती. २००० नंतरच्या दशकात हे प्रमाण वर्षाला सरासरी एकावर आले. दरम्यान पर्यटकांची संख्या वाढतच होती. अस्वलांचा स्वभाव या काळात बदलला नव्हता. बदलली ती माणसाची वागणूक.

१५/
योसेमिटीला हा धडा दुसऱ्यांदा गिरवावा लागला. तेथील काळी अस्वले अन्नाच्या वासाने मोटारींची दारे वाकवून आत शिरू लागली आणि माद्यांचे पाहून पिल्लेही ती विद्या शिकली. १९९८ साली उद्यानातील अस्वलांच्या उपद्रवाच्या एकूण घटनांची संख्या दीड हजारांवर गेली. पुढे झालेल्या एका अभ्यासात असेही आढळले की अस्वले मिनीव्हॅन अधिक प्रमाणात फोडतात. कुटुंबे याच गाड्यांतून फिरतात आणि मुलांच्या हातून खाऊ सांडतो, हे त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी सुचवले. मग लोखंडी अन्नपेट्या सक्तीच्या झाल्या, रात्री गाडीत अन्न ठेवणे निषिद्ध ठरले आणि घटना झपाट्याने घटल्या.

१६/
या इतिहासाचा एक पुरावा कोणत्याही दप्तरात नाही. तो अस्वलांच्या केसांत आणि हाडांत आहे. माणसाच्या अन्नातील मका आणि मांस यांची रासायनिक खूण प्राण्याच्या शरीरात उतरते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात संग्रहालयांतील जुने नमुने आणि अलीकडचे केस तपासले गेले. योसेमिटीतील माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलांच्या आहारात त्या अन्नाचा वाटा १९१५-१९ मध्ये सुमारे १३ टक्के होता, १९७५-८५ मध्ये ३५ टक्के झाला आणि १९९९-२००७ मध्ये पुन्हा १३ टक्क्यांवर आला. धोरणांचा चढउतार अस्वलाच्या अंगावर असा नोंदला गेला.

१७/
आता पुन्हा स्मोकी पर्वतात. या उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वले आहेत, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक चौरस मैलास दोन. मे २००० मध्ये येथे अस्वलाच्या हल्ल्यात माणूस दगावल्याची पहिली घटना घडली. असे प्रसंग अत्यंत विरळ असतात, परंतु अशक्य नसतात. म्हणूनच ५० यार्डांच्या आत जाणे, किंवा अस्वल विचलित होईल इतके जवळ जाणे, हा कायद्याने गुन्हा आहे. ग्रिझलीही वावरतात त्या यलोस्टोनमध्ये हेच अंतर १०० यार्ड आहे.

१८/
आजचे नियम या पार्श्वभूमीवर वाचले की त्यांचा अर्थ उलगडतो. गाडी रस्त्यातून बाजूला घ्यावी आणि आतूनच पाहावे. दुर्बीण वापरावी. अन्न आणि कचरा बंदिस्त ठेवावा. आपल्याकडे पाहून अस्वलाने चरणे थांबवले किंवा दिशा बदलली, तर आपण फार जवळ आलो आहोत. ते फुत्कारू लागले, पंजा जमिनीवर आपटू लागले, तर ती जागा मागण्याची त्याची रीत आहे. अशा वेळी पळू नये, पाठ फिरवू नये. त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरकावे.

१९/
तरीही काळे अस्वल अंगावर येऊ लागले, तर जागीच उभे राहून हात उंचावावे, मोठ्याने ओरडावे. प्रत्यक्ष हल्ला झालाच, तर मेल्याचे सोंग न घेता प्रतिकार करावा, असे उद्यान सेवा सांगते. हा सल्ला अमेरिकेतील काळ्या अस्वलापुरताच आहे. ताडोबात किंवा मेळघाटात आढळणारे आपले अस्वल निराळ्या जातीचे, निराळ्या स्वभावाचे आहे. तेथे स्थानिक वनविभागाची सूचनाच प्रमाण मानावी.

२०/
अमेरिकेतील वनरक्षकांत एक म्हण रूढ आहे: खाऊ घातलेले अस्वल म्हणजे मेलेले अस्वल. जवळपास शतकभराचा अनुभव तिच्यात आहे. ज्या पर्यटकांनी खिडकीतून पाव पुढे केला, ते क्रूर नव्हते. त्यांना अस्वल आवडत होते आणि आपल्या आवडीची पोच त्याच्याकडून हवी होती. केड्स कोव्हमधील आजचा प्रेक्षक ४६ मीटरांवरून जे पाहतो, ते त्यांना क्वचितच पाहायला मिळाले असेल: माणसाची दखलही न घेता बोरे शोधत कुरणातून निघून जाणारे अस्वल.

(धागा समाप्त)