फिट, कांदा आणि इसीजी

सोलापूर आणि फिट म्हटलं की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापूरचे कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये फिट्स येऊन गेले, अवघ्या ३२व्या वर्षी. त्यांना अपस्मार होता. पण प्रत्येक फिट मेंदूतूनच येते असं नाही, आणि हे कळायला डॉक्टरांना बराच काळ लागला.

१८५६ सालच्या एका नोंदीनुसार जर्मनीत लाइपझिगला मूकबधिरांच्या शाळेत एका मुलीला कसल्याशा चुकीबद्दल जाब विचारायला उभं केलं. ती तिथेच कोसळली आणि गेली. आईवडिलांना कळवलं, तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही! त्यांची आणखी दोन मुलं अशीच गेली होती. एक घाबरून, एक रागाच्या भरात.

पुढे १९५७ मध्ये नॉर्वेत येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. सहा मुलं, चार बहिरी, त्यातली तीन अचानक गेलेली. इसीजीत 'क्यूटी' हे अंतर लांबलेलं. १९६३ मध्ये इटलीत रोमानो आणि १९६४ मध्ये आयर्लंडमध्ये वॉर्ड यांना नीट ऐकू येणाऱ्या मुलांतही तेच दिसलं.

होतं काय, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदय रिचार्ज होतं. इथे बऱ्याचदा पेशींमधली पोटॅशियमची दारंच बिघडलेली, म्हणून रिचार्ज रेंगाळतं. (आतल्या कानातही तसलंच एक दार असतं, म्हणून बहिरेपण.) त्यात मूल धावलं, पोहलं, दचकलं की ठोके बेताल होतात, मेंदूला रक्त मिळत नाही आणि हातपाय झटकायला लागतात. ताल आपोआप सुधारला तर पोरगं उठून बसतं. घरचे म्हणतात, कांदा हुंगवला म्हणून!

बहिरेपणासकटचा प्रकार आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. आता सोलापूर आठवा. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींचं गाव. मामाच्या मुलीशी लग्न इथे नवलाचं नाही, काही घरांत तर मामा-भाचीचंही. म्हणजे एकच आजोबा दोन्ही बाजूंनी!

तर गोळ्या चालू असूनही मूल खेळताना किंवा दचकून पडतंय? बहिरं आहे? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? मग चालू गोळ्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा, "ईईजी झाला, इसीजी काढलाय का?" शंका उरलीच तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. बीटा-ब्लॉकर नावाच्या जुन्या, साध्या गोळ्यांवर यातली बरीच मुलं मोठी होतात, शाळेत जातात, लग्नंही करतात.

फक्त आधी ती कागदाची पट्टी कुणीतरी काढायला हवी.